परबकाकींचं गाऱ्हाणं

परबकाकींना "काय काकी, बरं आहे ना?" असं जाता जाता विचारायची सोय नव्हती. उभं जग या प्रश्नाला मान हलवून पुढे सरकतं. काकी थांबत, विचारणाऱ्याला थांबवत, आणि बरं आहे की नाही याचा खरोखरच विचार करून उत्तर देत. गुडघा कालच्यापेक्षा बरा, झोप नाही, बांगड्याला पूर्वीची चव राहिलेली नाही, आणि तुझ्या थोरल्यानं काल जिन्यात गुटख्याची पिचकारी मारलीय, ती मी पुसलेली नाही, तू बघावीस म्हणून ठेवलीय. एवढं ऐकलेला माणूस पुढच्या वेळी दुसऱ्या जिन्यानं जाई. आमच्या चाळीला दोन जिने असण्याचा उपयोग मला काकींमुळे कळला.

चाळ दहिसरची, चेकनाक्याच्या अलीकडची. काकींची खोली आणि आमची खोली यांच्यात एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. आम्ही बुलढाण्याकडचे बौद्ध, त्या मालवणकडच्या. पण त्या भिंतीतून इतकं काही ऐकू येई की शाळेत जायच्या आधीच मला मालवणी समजायला लागली होती. उन्हाळ्यात काकी मसाल्याच्या मिरच्या भाजत, आणि अख्खा मजला शिंकत, खोकत त्यांना शिव्या घाली. नंतर तोच मजला बरण्या घेऊन त्यांच्या दारात उभा राही. काकी उंबऱ्यावर बसलेल्या असत, दाराच्या चौकटीला पाठ लावून, एक पाय आत आणि एक बाहेर. त्यांची ती जागाच होती. जाणाऱ्या-येणाऱ्याला पाय ओलांडून जावं लागे, आणि बरं आहे ना हे विचारावं लागे.

त्यांचे यजमान, तात्या, होते तोवर चाळीच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचं काम त्यांचं. आरतीच्या आधी एक जाणता माणूस हात जोडून उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलतो. गावाकडच्या देवांची नावं घेतो, मग मागणं मागतो, एकेक वाक्य. प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. शेवटी, काय चुकलंमाकलं असेल तर माफ कर, असं म्हणायचं, त्यावरही व्हय म्हाराजा झालं की मग झांजा घ्यायच्या. ते शेवटचं वाक्य झाल्याशिवाय आरती सुरू करायची नाही, असा नेम.

तात्या गेले त्या वर्षी पंचाईत झाली. पुरुषांपैकी कुणाला देवांची नावं क्रमानं येईनात. काकींना येत होती, तात्यांकडून संसारभर ऐकलेली. बाईनं गाऱ्हाणं घालावं का, यावर मंडळाच्या लोकांनी बरीच डोकेफोड केली आणि यंदापुरतं म्हणून परवानगी दिली. ते यंदापुरतं पुढे कधी संपलं नाही, कारण दुसऱ्या कुणी पाठांतर केलं नाही.

आमच्या घरात गणपती नाही. तरी मी गाऱ्हाण्याला कठड्यापाशी जाऊन उभी राही, निव्वळ काकींना ऐकायला. तात्यांचं गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांना सुखी ठेव, धंद्याला बरकत दे. काकी नावागावासकट बोलत. एका वर्षी चाळीत पाणी चढेना. मंडळाचे अध्यक्ष तावडे यांनी सामायिक नळाला गुपचूप मोटर लावली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. काकींनी देवांची नावं संपवली आणि त्याच सुरात पुढे म्हणाल्या की बा देवा, जो कोण मोटर लावन दुसऱ्याच्या तोंडचा पाणी पळवता, तेका ती काढूची बुद्धी दी. "व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यात मोठा आवाज तावड्यांचा. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण हात जोडलेले होते आणि गणपती समोर होता. दुसऱ्या दिवशी मोटर निघाली. काकींनी त्याचा गाजावाजा केला नाही. त्यांचं एकच म्हणणं असे, "व्हय म्हटलंस ना, मगे संपला." मुलांना, भाजीवाल्याला, घरी आलेल्या पाहुण्यांना, सगळ्यांना तेच. तोंडानं हो म्हटलेला माणूस पुन्हा नाही म्हणू शकतो, हे त्यांच्या डोक्यातच शिरत नसे.

अशा बाईच्या पोटी संदेश कसा आला, हे मला कोडं आहे. दिसायला छान, बोलायला गोड. एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. विचारा कुणालाही, चाळीत त्याच्याबद्दल वाईट सांगणारं कुणी नव्हतं. त्याची बायको अश्विनी जोगेश्वरीची. ती आली तेव्हा खळखळून हसायची. पुढे पुढे हसायच्या आधी ती दाराकडे बघायला लागली. भिंतीपलीकडून काय काय ऐकू येई ते मी इथे लिहीत नाही. ऐकू सगळ्यांनाच येई. काकी मध्ये पडत, कधी त्यांनाही लागे, आणि मग सकाळी बरं आहे ना विचारणाऱ्याला त्या सांगत, "नाय. झिलान हात उचललो." झिल म्हणजे मुलगा. विचारणारा ओशाळून दुसऱ्या जिन्याकडे वळे.

एका दुपारी त्यानं काकींच्या डोळ्यांदेखत पोळपाट उचलला. अश्विनीनं डोक्यावर हात धरला म्हणून डोकं वाचलं. मनगट मोडलं आणि भुवई फाटली. कशावरून झालं याची चाळीत निरनिराळी कारणं सांगत, आणि प्रत्येक कारणात चूक अश्विनीची असे. मी अंधेरीला ऑफिसात होते. काकींनी सुनेला रिक्षात घातलं, आधी दवाखाना, मग पोलीस चौकी. तिथल्या माणसानं घरातलं घरात मिटवायला सांगितलं. काकी म्हणाल्या की घरात मिटणारा असता तर मी हंय कित्याक येतंय? आणि तक्रार लिहून होईपर्यंत बाकावरून उठल्या नाहीत.

पंचनाम्याला हवालदार आला तेव्हा त्या दुपारी आमच्या मजल्यावर प्रत्येकाचा टीव्ही चालू होता असं निघालं. मोठ्यानं. कुणाला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. मला त्या लोकांचा तेव्हा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

म्हणून अश्विनीखेरीज साक्षीदार एकच उरला, आरोपीची आई. खटला उभा राहायला काही वर्षं गेली. तोवर संदेश जामिनावर मावशीकडे, आणि अश्विनी आपल्या लहानग्या मुलीला घेऊन सासूजवळ. काकींना कोर्टात सोबत म्हणून मी रजा टाकून गेले. त्यांनी ठेवणीतली नऊवारी नेसली होती. संदेशच्या वकिलानं सुरुवात गोडीत केली. मग म्हणाला, आई असून मुलाविरुद्ध साक्ष देता? सुनेनं शिकवलं का? काकी म्हणाल्या, आई आहे म्हणूनच ओळखते. त्याला ते आवडलं नाही. घरोघरी असं थोडंफार होतंच, असं सुचवायला त्यानं विचारलं की तुमच्या यजमानांनी तुमच्यावर कधी हात उगारला नाही का?

तात्यांचं नाव चाळीत देवमाणूस म्हणून घेत.

"मारल्यान," त्या म्हणाल्या. "माझी सासू थंयच बसलेली. तिणा काय्येक सांगूक नाय. म्हणान मी सांगतंय."

मॅजिस्ट्रेट बाईंनी वर बघितलं आणि हे जसंच्या तसं लिहून घ्या म्हणाल्या.

संदेशला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. निकाल ऐकून काकींनी डोळे पुसले. आनंदानं नव्हे, पोटचा होता तो. काकी, अश्विनी आणि मी, आम्ही तिघी बाहेर रिक्षाची वाट बघत उभ्या राहिलो, आणि आमच्यासमोरून संदेश बाईकवर बसून निघून गेला. काकी बघतच राहिल्या. "शिक्षा झाली मां? मगे ह्यो चललो खंय?" मी त्यांना समजावलं, वरच्या कोर्टात अपील करायला मुदत असते, तोवर शिक्षा थांबवतात, जामीन देतात. अपील म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मला पटकन सुचलं ते मी सांगितलं, गाऱ्हाणंच, वरच्या कोर्टापुढे घातलेलं.

काकी रिक्षात बसेपर्यंत विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "ज्येका मार बसलो त्येणा गाऱ्हाणा घालूचा. मारणाऱ्याचा कसला गाऱ्हाणा?"

कायद्याकडे याला उत्तर आहे, आणि ते बरोबरही असेल. पण अपील चालू असताना आमच्या चाळीत जे चाललं त्याला कुठलाच कायदा नव्हता. टीव्ही बघणाऱ्या सगळ्यांना एकाएकी कंठ फुटला. संसार मोडू नका, पोरीकडे बघा, तुरुंगात गेला तर नोकरी जाईल, मग खाणार काय? वकिलाला दोन कागद हवे होते. अश्विनीनं लिहून द्यायचं की आमची तडजोड झाली, आम्ही एकत्र नांदणार. आणि काकींनी लिहून द्यायचं की तेव्हाची साक्ष मी रागाच्या भरात दिली. तावडे स्वतः घरी आले, मंडळाचे चार लोक घेऊन. काकींनी त्यांना चहा दिला, सगळं बोलू दिलं, आणि विचारलं की त्या दुपारी तुझो टीव्ही चालू होतो मां? होता, तावडे म्हणाले. "मगे जा, परत लाव." चहा तसाच ठेवून मंडळ उठलं.

अश्विनी मात्र झिजत गेली. भावाच्या घरी दोन दिवसांवर तिला कुणी ठेवून घेईना. मुलगी मोठी होत होती, आणि शाळेत तिला बापाबद्दल विचारत. एकदा मी भाजी द्यायला गेले तेव्हा दोघी कोळंबी सोलत बसल्या होत्या. अश्विनीनं मान वर न करता सांगितलं, "आई, मी सही करणार आहे. मला नाही ओ जमत आता. तारखा, लोक, सगळं."

काकींनी तिचं मनगट हातात घेतलं. ते नीट जुळलेलं नव्हतं, ओला कपडा पिळताना अजून दुखायचं. "कर," त्या म्हणाल्या. "मार तू खाल्लंस. माफ करूचा तां तुझा तू बघ. पण माका सही मागा नको." आणि पुन्हा कोळंबी सोलायला लागल्या. त्यांनी अश्विनीला त्यावरून कधी एक शब्द लावला नाही. मला ते जमलं नसतं.

अपिलाच्या निकालाला काकी हट्टानं आल्या. दोषी आहे हे कायम राहिलं. आईची साक्ष खरी मानायला हरकत नाही, असंही म्हटलं गेलं. पण नवरा-बायकोत समेट झाला आहे, कुटुंब त्याच्यावर अवलंबून आहे, म्हणून तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडावं, असा हुकूम झाला. मी काकींना सांगितलं की तुमचा शब्द टिकला. त्या हसल्या. "शब्द टिकलो, झिल सुटलो," म्हणाल्या. त्यात कौतुकाचा लवलेश नव्हता.

खरी मजा पुढे होती. त्या हमीला एक जामीनदार लागत होता. वकील धावत काकींकडे आला. खोली तुमच्या नावावर, आई तुम्ही, तुमच्याइतकं योग्य कोण? तो चांगला वागेल एवढ्यावर सही करायची. संदेश मागे उभा राहून खाली बघत होता. काकी त्या वकिलाला म्हणाल्या, "तो कसो वागता तां मी एकदा सांगलंय. तुमच्या कागदार आसा तां. वाच." शेवटी जामीन तावडे राहिले. चाळीत पेढे वाटले गेले. सुटला म्हणजे निर्दोष, आणि मुलगा निर्दोष म्हणजे म्हातारी खोटी, असा साधा हिशेब लोकांनी केला. कित्येकांनी त्या दिवसापासून त्यांना बरं आहे ना विचारणं बंद केलं.

संदेश घरी राहायला आला. खोली काकींची होती, त्यांना दार लावता आलं असतं. मी म्हटलंही तसं. त्या म्हणाल्या की मग तो सुनेला आणि नातीला घेऊन नालासोपाऱ्याला भाड्यानं राहील, आणि तिथे काय चाललंय ते मला कोण सांगणार? इथे निदान माझ्या कानावर पडेल. त्या लेकाशी बोलत नसत. तो घरी असला की त्या उंबऱ्यावर बसत, फक्त आता तोंड आत करून. बाजारालासुद्धा तो ड्युटीवर असतानाच जात. तावडे कठड्याला टेकून सगळ्यांना सांगत, पोरगा बघा कसा सोन्यासारखा वागतोय.

श्रावणातल्या एका रविवारी काकींना गावाकडचं कुणी वारलं म्हणून सांताक्रूझला भेटीला जावं लागलं. दुपारी भिंतीपलीकडचा टीव्ही एकदम मोठा झाला. इतका मोठा की आमच्या फळीवरची भांडी थरथरली. मी जाऊन दार वाजवलं. संदेशनं हसत उघडलं. मॅच चालू आहे म्हणाला, आणि आवाज कमी केला. त्याच्यामागे अश्विनी पाठमोरी उभी होती.

काकी आल्या तशी मी त्यांना सांगितलं. त्यांनी सुनेचा चेहरा उजेडाकडे वळवून बघितला. अश्विनी म्हणाली, कपाटाचं दार लागलं. काकींनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. मी काकींना बाजूला घेऊन म्हटलं, चला चौकीत, मी येते, हमी मोडली म्हणून सांगू. त्या कठड्याला धरून खूप वेळ उभ्या राहिल्या. तेवढं हतबल मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"काय सांगू, नीता?" त्या म्हणाल्या. "मी बघूक नाय. बघल्याबिगर साक्ष कशी देव?"

मी चिडले. म्हटलं, काकी, सगळी दुनिया खोटं बोलून मोकळी होते, तुम्ही एकदा बघितलं म्हणा. त्यांनी मान हलवली. आणि मी तरी काय ऐकलं होतं? टीव्ही. आमच्या मजल्यावर टीव्ही ऐकल्याची साक्ष सगळ्यांनी आधीच देऊन झाली होती.

त्यानंतर काही दिवसांनी गणपती आले. या वेळी गाऱ्हाणं दुसऱ्या कुणी घालावं अशी कुजबुज होती, पण देवांची नावं अजूनही कुणाला येत नव्हती. भर दुपारी प्रतिष्ठापना झाली. संदेश पुढच्या रांगेत, नवा झब्बा घालून. शेजारी तावडे. अश्विनी बायकांमध्ये आरतीचं ताट धरून, डाव्या हातात, कारण उजवं मनगट वजन घेत नाही. मी नेहमीच्या कठड्यापाशी.

काकींनी हातात नारळ घेतला. देवांची नावं एकही न चुकता घेतली. सगळ्यांना आरोग्य मागितलं, व्हय म्हाराजा. मुलांना विद्या मागितली, व्हय म्हाराजा. मग त्यांचा आवाज जरा खाली आला.

"बा देवा, ह्या चाळीत जो कोण बायलेक मारता, आणि जे कोण तां आयकान टीव्ही मोठो करतत, त्येंका तू बघून घी रे म्हाराजा."

व्हय म्हाराजा आलं नाही. जोडलेले हात तसेच राहिले, माना खाली गेल्या. मला वाटलं, आता तरी. ज्या शब्दानं एकदा मोटर निघाली होती, त्या शब्दाशी येऊन सगळे अडले होते, आणि अडलेला माणूस कदाचित विचार करतो.

"व्हय म्हाराजा," संदेश म्हणाला.

स्वच्छ, खणखणीत आवाजात, गणपतीकडे बघत. हमीच्या कागदावर सही करताना त्याचा चेहरा असाच असणार. त्याच्या मागोमाग तावडे म्हणाले, आणि सुटलो एकदाचे अशा सुरात अख्खी चाळ म्हणाली, त्या वर्षीचं सगळ्यात मोठं व्हय म्हाराजा. अश्विनीचे ओठ हलले नाहीत. मीही म्हटलं नाही, पण माझ्या न म्हणण्यानं कुणाचं अडत नव्हतं.

काकींनी मुलाकडे वळून बघितलं. राग नव्हता त्यांच्या नजरेत. बाजारात आयुष्यभर चालवलेली नोट कुणी खोटी म्हणून परत केल्यावर बघावं, तशा त्या बघत होत्या. मग त्यांनी नारळ गणपतीपुढे ठेवला आणि माघारी वळल्या. लोक हात जोडून थांबलेले. तावडे हळूच म्हणाले, "काकी, शेवटचा म्हणूचा रवला. चुकलामाकला."

"तां तुम्ही म्हणा," काकी म्हणाल्या. "चुकला तुमचा आसा."

गर्दीनं त्यांना वाट दिली. जाताना त्यांनी अश्विनीच्या हातातलं ताट काढून बाजूच्या बाईकडे दिलं, आणि सुनेला दंडाला धरून खोलीकडे घेऊन गेल्या. ते शेवटचं वाक्य कुणीच म्हटलं नाही. थोडा वेळ सगळे एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग कुणीतरी झांजा वाजवायला सुरुवात केली.